चापाला बांधलेली चिंधी

लवू परबांना जाऊन अडीच महिने झाले होते, आणि त्यांच्या नावाची नोटीस मंगळवारी सकाळी साडेनऊला घरी हजर झाली. सरकारी कागदाचं हे एक बरं असतं. माणूस असो नसो, तो आपला दिलेल्या पत्त्यावर येऊन उभा राहतो.

कागद घेऊन आलेले हवालदार गुरुदास मसुऱ्याची चढण चढून दमले होते. लवू परबांची सून संजना पाण्याचा तांब्या घेऊन पडवीत आली, तेव्हा ते टोपी मांडीवर ठेवून घाम पुसत होते.

"लवूमामा खंय गेले? निवडणुका जाहीर झाल्यो. बंदूक ठाण्यात जमा करूची आसा, सोमवारच्या आत."

"बाबा गेले," संजना म्हणाली. "गणपती गेल्यावर चौथ्या दिवशी."

गुरुदास उठून उभे राहिले. मधले तीन महिने त्यांची नेमणूक दुसरीकडे होती, त्यांच्या कानावर काही आलं नव्हतं. दर निवडणुकीला सगळ्यांच्या आधी बंदूक आणून देणारा आणि पावतीची घडी टोपीत ठेवणारा हा एकच माणूस, असं ते दोनदा म्हणाले. मग दाराच्या चौकटीला टेकून उभ्या असलेल्या विमलाकाकींकडे, लवूंच्या बायकोकडे, बघून त्यांनी आवाज उतरवला.

"मगे बंदूक खंय आसा?"

"घरातच आसा," म्हणत प्रितेश बाहेर आला. हा संजनाचा नवरा. तोंडवलीच्या किनाऱ्यावर त्याचं चार खोल्यांचं होमस्टे होतं, आणि पाहुण्यांशी गोड बोलून बोलून त्याला कुठलीही वेळ हसून मारून नेता यायची.

"अरे, परवानो माणसाच्या नावान असता, घराच्या नाय," गुरुदास म्हणाले. "माणूस गेलो की बंदूक ठाण्यात द्यायची. आता आणून दी. साहेब दोन शब्द बोलतले, ते आयकून घे, मी पावती दितंय. तुका ठेवची आसली तर ओरोसाक कलेक्टर कचेरीत अर्ज कर. विकूची आसली तर परवानो असलेल्याकच, तीय लेखी कळवून, पंचेचाळीस दिवस थांबून. आणि बसमधून, पार्सलातून खंय धाडू नको. लोक काय काय करतत."

"आजच आणतंय," प्रितेश म्हणाला, आणि ते इतकं सहज म्हणाला की संजनाने वळून त्याच्याकडे पाहिलं. कारण बंदूक कालपासून पाइपात होती आणि पाइप गाडीच्या टपावर बांधून तयार होता.

त्याचं असं झालं होतं. मे महिन्यात कौस्तुभ नावाचा एक पाहुणा होमस्टेला राहून गेला. पनवेलच्या पलीकडे त्याचं फार्महाऊस होतं. प्रितेशच्या मोबाइलमध्ये त्याने लवूंची ठासणीची बंदूक पाहिली आणि तो तिच्या प्रेमातच पडला. भिंतीवर लावीन म्हणाला. लवू जिवंत होते तोवर विषय निघणं शक्य नव्हतं. ते गेले, तसे त्याचे मेसेज सुरू झाले. परवाना आहे का, असं प्रितेशने विचारलं, त्यावर कौस्तुभने हसण्याची दोन चिन्हं पाठवली. भिंतीवरच्या बंदुकीला कसला परवाना. प्रितेशला ते पटलं, कारण ते पटलं की ओरोसचे खेटे वाचत होते. ह्या माणसाचं सगळं शहाणपण कुठल्या ना कुठल्या खेट्यातून सुटण्यात खर्च व्हायचं.

आता ती पाठवायची कशी, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. मुंबईला काही पाठवायचं म्हणजे कुणाच्या तरी हाती पाठवायचं, ही इथली रीत. पेजेचे तांदूळ, सोलं, कुळथाचं पीठ, देवाचा प्रसाद, सगळं कुणाच्या तरी हाती जातं, आणि हातात घेणारा आत काय आहे ते विचारत नाही. प्रितेशची धाकटी बहीण दीपिका तुळशीच्या लग्नाला माहेरी आली होती, सहा वर्षांच्या दिव्याला घेऊन. ती मंगळवारी दुपारच्या बसने परत निघणार होती. प्रितेशने बोअरवेलचा उरलेला सहा इंची पाइप घेतला, बंदूक जुन्या चादरीत गुंडाळून आत सरकवली, दोन्ही तोंडांना गोणपाट बांधलं आणि बहिणीला सांगितलं, गरीच्या, मासे धरूच्या काठ्या आसत, पनवेलाक माणूस येऊन उतरून घेतलो.

गुरुदास चढण उतरून दिसेनासे झाले, तसं संजनाने त्याला गाठलं.

"आता तरी ठाण्यात नेऊन द्या."

"शब्द दिलंय मी. आणि आज गेली की विषय संपलो. गुरुदासाक सांगतंय, बापाशीन आधीच खंय ती देऊन टाकल्यान."

"दीपिकाक कोणी धरल्यानी तर?"

"तिका म्हायतच नाय आत काय आसा ता. मगे तिका कोण धरतलो?"

असा हा प्रितेशचा कायदा. संजना वाटेतून हलली नाही. ती आणखी एकच विचारू शकली.

"रिकामी आसा मां?"

"रिकामीच आसा. मी बघितलंय."

दोन वाजता तो बहिणीला आणि भाचीला घेऊन मालवणला गेला. दिव्याने मागच्या काचेतून हात हलवला. संजनाने दोनदा नको म्हटलं होतं. तिसऱ्यांदा म्हणायला हवं होतं, हे गाडी वळणापलीकडे गेल्यावर तिला वाटलं, आणि तेव्हा ते वाटून काही उपयोग नव्हता.

लेक गेली की घर रिकामं होतं. विमलाकाकी दुपारच्या पडल्याच नाहीत. नवरा गेल्यापासून देव्हाऱ्याकडे फिरकल्या नव्हत्या, दिवाबत्ती संजनाच करत होती. आज काय मनात आलं कुणास ठाऊक, त्या देव पुसायला बसल्या. चार वाजून गेले असतील. संजना मागीलदारी कपडे काढत होती.

"संजना, गो, ही हंय कोणी ठेवल्यान?"

ती आत आली. काकींच्या हातात वीतभर लाल चिंधी होती, मळून काळपट झालेली. ताम्हनाखाली घडी करून ठेवलेली.

"मी ठेवलंय. दसऱ्याक."

संजनाचं माहेर विजयदुर्गाचं, होडीवर पोट असलेलं. त्या घरात बंदूक कोणी पाहिली नव्हती. होडीच्या नाळीला मात्र लाल चिंधी असायची, देवाची. नारळी पुनवेआधी होडी रंगवायला काढली की तिची आई ती चिंधी सोडून देव्हाऱ्यात ठेवायची. देवाची वस्तू कचऱ्यात टाकायची नाही, पायदळी येऊ द्यायची नाही. ह्या दसऱ्याला घरात सण नव्हता, काकी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. पण सासरे दरवर्षी बंदूक पुसून पूजेला लावायचे, ते राहू नये म्हणून संजनाने ती खुंटीवरून काढली, पुसली, फूल वाहिलं. चापाला मळकी चिंधी बांधलेली होती. ती तिने हात जोडून सोडली आणि देव्हाऱ्यात ठेवली. चांगलं काम केल्यासारखं तिला वाटलं होतं.

हे सगळं ऐकताना काकींचा हात ताम्हनावरच थांबला.

"ही देवाची नाय, गो. ही तेंची. बंदुकीची." त्या म्हणाल्या. "तेंका विसराची खोड होती, म्हणान तेनी नेम घातलेलो. बार भरलो की चिंधी चापाक बांधायची. बार काढलो की चिंधी खुंटीक. चाळीस वर्सां. चिंधी चापाक आसली की ह्या घरात कोणाची बंदुकीक हात लावची टाप नव्हती. तू सोडलंस तेव्हा खंय होती?"

"चापाक," संजना म्हणाली.

ठासणीची बंदूक बाहेरून बघून काही कळत नाही. दारू तोंडाकडून ओतायची, चिंध्या कोंबायच्या, छरे टाकायचे, गजाने ठासायचं. आत भरलेलं अडीच महिन्यांचं असो की अडीच मिनिटांचं, नळी तशीच दिसते. लवू परब शेवटच्या रात्री मळ्यात गेले होते, भात पोटरीला आलं होतं आणि डुकरं उतरत होती. त्या रात्री डुकरं आली नाहीत. ते छातीवर हात चोळत लवकर परतले, बंदूक खुंटीला लावली, कोमट पाणी मागितलं आणि झोपले. सकाळी उठले नाहीत. बार काढायला कोणी उरलंच नव्हतं.

काकी पुटपुटल्या, "घरात येताना ते केप काढीत. केप नसली तर उडाची नाय. त्या रात्री काढलेनी की नाय, देवाक ठावक."

पण देवाबरोबर आणखी एका माणसाला ते ठाऊक होतं. संजनाला. घोड्याखाली तांब्याची एक इवलीशी टोपी होती, चण्याएवढी, काळी पडलेली. तीच केप, घोडा आपटला की ठिणगी पाडणारी. पूजेत काळं तांबं कसं ठेवायचं म्हणून तिने ती कोरड्या राखेने घासली होती. बोटाच्या टोकाने, घोडा न उचलता, चांगली चकचकीत होईपर्यंत.

म्हणजे बंदूक भरलेली होती, केप चढवलेली होती, घोडा केपेवर टेकलेला होता, आणि ती बसच्या पोटात होती. वर माणसं बसली होती. दीपिका होती, दिव्या होती.

तिने प्रितेशला फोन लावला. तो मालवणच्या बाजारात होता. तिने सगळं एका दमात सांगितलं.

"चिंधी नव्हती," तो म्हणाला. "मी मुद्दाम चाप बघितलंय. चिंधी नाय, म्हणान रिकामी."

"खुंटीक होती?"

"नाय."

"मगे तुमका काय वाटला नाय?"

तो भराभर बोलू लागला. अडीच महिने खुंटीला होती, काय झालं? चादरीत गुंडाळलेली आहे. पनवेलला कौस्तुभला सांगतो, जपून हाताळ.

"तवसर बस खड्ड्यांतून जातली. क्लीनर सामान आपटतलो."

"संजना, आयक. पोलिसांक फोन करू नको. माका आत घालतले. होमस्टे बंद पडतला. आवशीचा काय होतला, सांग? मी गाडी घेऊन पाठसून जातंय. तू गप रव."

फोन बंद झाला. बस साडेतीनला सुटली होती. आता सव्वाचार वाजून गेले होते. तो कितीही पळवत गेला तरी पाऊण तास मागे होता.

संजनाने सासूकडे बघितलं. काकी चिंधी मुठीत घेऊन देव्हाऱ्यासमोर तशाच बसल्या होत्या. डोळ्यांत पाणी नव्हतं.

"माका काय विचारू नको, गो," लेक आणि मुलगा यांच्यात सापडलेल्या त्या म्हणाल्या. "एक चेडू थंय, एक झील हंय. माझ्यान सांगूक होवचा नाय."

संजनाला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. कायद्याला खेटे म्हणणाऱ्या नवऱ्याचा, न विचारता पाइप उचलणाऱ्या नणंदेचा, आपली खूण सुनेला कधी न सांगणाऱ्या सासऱ्याचा, आणि राखेने केप घासणाऱ्या आपल्या स्वतःच्या बोटांचा. नवरा तुरुंगात जाईल, ह्या विचाराने तिला रडू फुटत होतं. तरीही तिचे हात नोटीस शोधत होते. पडवीतल्या बाकावर ती पाण्याच्या तांब्याखाली दाबून ठेवलेली होती, आणि तिच्या पाठीवर गुरुदासांनी स्वतःचा नंबर पेनाने लिहिला होता.

"बोल गो," गुरुदास म्हणाले. "प्रितेश येता मां बंदूक घेऊन?"

तिने सांगितलं. ती बोलत असताना त्यांनी एकदाच "अरे देवा" म्हटलं. नंतर त्यांचा आवाज बदलला.

"बसचा नंबर सांगा. सुटायची वेळ. प्रवाशाचं नाव. पार्सल कुणी चढवलं?"

त्यांची मालवणी सुटली, तेव्हा संजनाला कळलं की गोष्ट आता घरातली राहिली नाही.

"माझ्या नवऱ्याने," तीही शुद्ध मराठीत म्हणाली. "प्रितेश लवू परब."

"तुम्ही नणंदेला फोन लावा. बस मोकळ्या जागी थांबवायला सांगा. माणसं शांतपणे उतरवून लांब न्यायची, डिकीला कुणी हात लावायचा नाही. मी कणकवली ठाण्याला कळवतो, ते जवळ आहेत. आणि वहिनी, नाव मला लिहावं लागेल."

"लिहा," संजना म्हणाली.

दीपिकाचा फोन दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला, तेव्हा ती हसत होती.

"वयनी, आमी अजून कसालाच्या पुढेच आसंव. काजूच्या कारखान्याकडे गाडी थांबल्या, पोती चढवतत. सगळी डिकी रिकामी केल्यानी. आमचो पाइप भायर काढून बसीक टेकवन ठेवलो हा."

"दिव्या खंय आसा?"

"थंयच. पाइपार ढोल वाजयता."

संजनाला तो आवाज फोनमधून ऐकू आला. पोकळ, टपटप, दोन्ही हातांनी. शिमग्यात ऐकलेल्या तालावर. काही केल्या ओरडायचं नाही, एवढंच तिला कळत होतं. तिने बाकाची कड घट्ट धरली.

"दीपिका, आधी तिका तुझ्याकडे बोलाव. धावू नको, आराडू नको. खाऊ दितंय म्हणान सांग. नंतर बोलतंय मी."

"कशाक? काय झाला?"

"बोलाव, बाय माझी."

दीपिकाने हाक मारली. ढोल थांबला नाही. तिने पुन्हा हाक मारली, चॉकलेटचं नाव घेतलं. ढोल थांबला. मग दिव्याचा आवाज अगदी फोनजवळ आला, कुठलं चॉकलेट, म्हणून.

"इली?"

"इली. वयनी, आता सांग."

"त्या पाइपात बाबांची बंदूक आसा. भरलेली. केप चढवलेली. बसीतल्या सगळ्यांका रस्त्याच्या पलीकडे ने आणि पाइपाक कोणाक हात लावूक दिव नको. पोलीस येतत. मीच फोन केलंय."

लगेच दीपिकाचा आवाज आला, फोनपासून लांब, मोठा, मुंबईचा.

"दादा, थांबा! तो पाइप उचलू नका!"

"अहो ताई, पोती चढली, आता गाडीला उशीर होतोय," कुणी पुरुष म्हणाला. आवाजात दम लागलेला होता. त्याने पाइप उचललेला होता. संजनाला दिसत नव्हतं, तरी दिसत होतं.

"दादा, ऐका माझं. त्यात बंदूक आहे. भरलेली. आपटू नका. हळू खाली ठेवा. तोंड त्या कुंपणाकडे, माणसांकडे नको."

काकी येऊन तिच्या पाठीशी उभ्या होत्या आणि त्यांनी तिच्या खांद्यात बोटं रुतवली होती. फोनमधून महामार्गावरून जाणाऱ्या ट्रकचा हॉर्न आला. मग मातीवर काहीतरी टेकल्याचा अगदी बारीक आवाज. मग एकदम खूप माणसं बोलायला लागली.

"ठेवल्यान," दीपिका म्हणाली, आणि रडायला लागली. "वयनी, ठेवल्यान खाली."

पुढचं दीपिकाने नंतर सांगितलं. बसमधली माणसं रस्त्याच्या पलीकडे चिंचेखाली जमली होती. काही शिव्या देत होती, काही मोबाइल वर धरून उभी होती. कणकवलीची जीप वाटेत अडकली होती, तिच्या आधी प्रितेशची गाडी आली. तो उतरला, त्याने मागचं दार उघडलं आणि तो थेट पाइपाकडे चालत गेला. दीपिकाला वाटलं, आता हा पाइप गाडीत टाकणार आणि निघून जाणार. अडवणारं कोणी नव्हतं. पाइपापाशी तो वाकला. मग मान वळवून त्याने पलीकडे पाहिलं. दिव्या आईच्या कमरेला धरून चॉकलेट खात होती, तिने मामाला बघून हात हलवला. प्रितेश उभा राहिला, मागे गेला, गाडीचं दार बंद केलं, आणि परत येऊन पाइपापासून दहा पावलांवर मातीत बसला. एक कुत्रं सारखं पाइपाकडे जात होतं, त्याला तो खडे मारून हाकलत होता. जीप आली तेव्हाही तो तसाच बसलेला होता.

सात वाजता संजना आणि विमलाकाकी रिक्षाने कणकवलीच्या ठाण्यात पोचल्या. दीपिका बाकावर बसली होती, दिव्या तिच्या मांडीवर झोपली होती. प्रितेश समोरच्या भिंतीला टेकून उभा होता. संजना आत आली तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

ओरोसहून बंदुका जाणणारा एक वयस्कर पोलीस आला होता. त्याने मागच्या मोकळ्या आवारात बंदूक पाइपातून काढली, आधी केप उतरवली, मग गज नळीत सोडला. गजावर लवूंनी सुरीने पाडलेली खाच होती. रिकाम्या नळीत खाच तोंडाशी यायला हवी. ती चार बोटं वर राहिली. त्या माणसाने ती चार बोटं सगळ्यांना दाखवली आणि मग आतलं एकेक करून बाहेर काढलं. छरे, चिंध्या, काळी दारू. ओंजळभरसुद्धा नव्हती. कागदावर मांडल्यावर ती एवढीशी दिसली.

"सर्दावलेली नाही," तो म्हणाला. "केप तर नव्यासारखी लखलखीत आहे. कुणी घासली?"

"मी," संजना म्हणाली.

गुरुदास मालवणहून आले होते. त्यांनी तिला बाजूला घेतलं आणि पुन्हा मालवणीत आले. "आमी कागदार 'खात्रीलायक बातमी मिळाली' असा लिवतंव. नाव घालूक होया असा नाय. तुका त्याच गावात रवाचा आसा, गो. नवऱ्याक आत घातल्यान म्हणतले."

संजनाला मोह झाला. चांगलाच झाला. गाव काय काय बोलेल हे तिला पाठ होतं. पण भिंतीला टेकलेला माणूस तिचाच होता, आणि त्याच्यापासून काही लपवून ती घरात राहू शकली नसती.

"माझंच नाव घाला," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "चिंधी मी सोडली, तेही लिहा."

प्रितेशचा जबाब सुरू झाला. नाव, वय, धंदा. पाइप कुणाचा, गोणपाट कुणी बांधलं, घेणारा कोण. तो खाली मान घालून उत्तरं देत होता, सगळी शुद्ध मराठीत, पाहुण्यांशी बोलतात तशी. आज त्यात हसू नव्हतं.

"बहिणीचे सीट नंबर?"

"सात आणि आठ."

"पार्सल कुठे ठेवलं होतं?"

"त्याच्याच खाली." तो थांबला. लिहिणाऱ्याने वर पाहिलं. "तिकीट मीच काढलंय. सात-आठ मुद्दाम घेतलंय, डिकीच्या वर, म्हणान उतरवताना दीपिकाक सोपा पडात. पाइप मीच आत सरकवलंय. बसत नव्हतो. मी... मी लाथ मारलंय त्याका." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि भिंतीला घसरत खाली बसला. संजना जाऊन त्याच्याजवळ बसली. त्याने तिचा हात झटकला नाही.

लिहिणाऱ्याने जप्त वस्तूंची यादी पुरी करायला घेतली. ठासणीची बंदूक एक, गज एक, केप एक, चादर, पाइप. गुरुदासांनी काकींकडे वळून पाहिलं.

"काकी, ती चिंधीय द्यायची लागतली. लाल कपड्याचो तुकडो, एक."

विमलाकाकींनी मूठ उघडली. चार वाजल्यापासून ती मिटलेलीच होती. चिंधी घामाने भिजली होती. त्यांनी ती दिली नाही. आधी टेबलावरच्या बंदुकीकडे बघितलं, मग गुरुदासांकडे.

"बार काढलो मां?"

"काढलो, काकी."

"पुरो?"

"पुरो. तुमच्या समोरच काढलो."

"मगे ही आता खुंटीक जाता," त्या म्हणाल्या. त्यांनी चिंधी झटकून सरळ केली आणि वाकून संजनाच्या हातात दिली. "घराक गेल्यावर तूच बांध."

गुरुदासांनी लिहिणाऱ्याला हातानेच थांबवलं आणि यादीवर सही केली.